तीस लिटरचा ओटीजी, चाळीस सेंटीमीटरची गोल सुई आणि ग्वाल्हेरचा डिसेंबर

ओटीजीच्या, म्हणजे केक-बिस्किटे भाजायच्या विजेच्या ओव्हनच्या, खोक्यावरच्या चित्रातली बाई कधी घाईत नसते. प्रत्यक्षात संध्याकाळी साडेसहाला केक आत जातो, सातला दुधाची पिशवी फुटते, मधूनच गृहपाठाची वही समोर येते आणि शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमाची लाल टोपी अजून सुईवरच असते. त्यामुळे ओटीजी आणि विणायची सुई या दोन वस्तू इथे एकाच कसोटीवर पारखल्या आहेत: हातातले काम टाकून उठावे लागले तर वस्तू सांभाळून घेते, की सगळे मुसळ केरात घालते? रंग, काचेची चकाकी, सोबत मिळणारी रेसिपीची पुस्तिका, हे सगळे त्यानंतर.

आधी ओटीजी. बाजारात साधारण दहा, सोळा ते एकोणीस, पंचवीस ते तीस आणि पस्तीसच्या पुढचे असे गट पडतात. चौकोनी कुटुंबाला पंचवीस ते तीस लिटरचा पुरतो, आणि केकसाठी त्याहून लहान घेऊच नये. कारण उंचीचे आहे. लहान ओव्हनमध्ये वरचा रॉड केकच्या माथ्याला जवळजवळ टेकतो. केक फुगून वर आला की माथा काळा पडतो आणि पोटात पीठ कच्चेच राहते. मग दोष रेसिपीला दिला जातो.

लिटरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. आठ इंची गोल डबा म्हणजे वीस सेंटीमीटर. त्याच्या चारी बाजूंनी अडीच सेंटीमीटर हवा खेळली पाहिजे, म्हणजे आत किमान पंचवीस सेंटीमीटर खोली हवी. काही मॉडेल रुंदीला ऐसपैस असतात, पण खोलीला कमी पडतात आणि डबा काचेला टेकतो. घरचा डबा पिशवीत घालून दुकानात न्यावा आणि दार लावून पाहावे. दुकानदार हसला तर हसू दे.

टायमर हा या यंत्राचा सर्वांत दुर्लक्षित भाग. बहुतेक साध्या ओटीजींना साठ मिनिटांचा चावीचा टायमर असतो. तो शून्यावर आला की 'टिंग' वाजते आणि रॉड बंद होतात. स्पंज केकला हे वरदान आहे, तीस-पस्तीस मिनिटांचे काम लावून निर्धास्त उठता येते. प्लम केकला मात्र पंचाहत्तर ते नव्वद मिनिटे लागतात. साठाव्या मिनिटाला वाजलेली टिंग मिक्सरच्या आवाजात विरली, की ओव्हन गार होत जातो आणि मध्ये न शिजलेला केक खचतो. एकदा खचलेला केक नंतर कितीही भाजला तरी वर येत नाही, मध्ये चिकट पट्टा राहतोच. उपाय सोपा आहे: पंचेचाळीस मिनिटे झाली की टायमर पुन्हा पूर्ण फिरवून ठेवायचा, आणि फोनवर वेगळा गजर लावायचा. काही मॉडेलना नव्वद किंवा एकशेवीस मिनिटांचा टायमर असतो, काहींना टायमर न लावता सतत चालू ठेवायची खूण असते. प्लम केक हाच मुख्य हेतू असेल तर हे पाहूनच घ्यावे. सतत चालू ठेवायची सोय मात्र विसराळू घराला नको.

डिजिटल की चावीचा, हा वाद वीज गेल्यावर निकालात निघतो. वीज जाऊन आली की डिजिटल ओव्हन बहुधा सगळे विसरून शून्यावर उभा राहतो, पुन्हा बटण दाबेपर्यंत रॉड तापत नाहीत. चावीचा टायमर स्प्रिंगवर चालतो, म्हणून वीज नसतानाही त्याचा काटा सरकत राहतो. वीज आल्यावर रॉड आपोआप तापतात, फक्त गेलेली मिनिटे वाढवून द्यावी लागतात. सारखे उठबस करणाऱ्या बाईला चावीचाच परवडतो.

वीज केकच्या मध्यावर गेलीच तर दार उघडू नये. पहिल्या अर्ध्या तासात गेली आणि दहा-पंधरा मिनिटांत आली, तर केक थोडा बसका होईल पण खाण्याजोगा राहील. त्याहून लांबली तर जाड बुडाची कढई झाकण ठेवून मंद गॅसवर तापवावी, आत जाळी ठेवून डबा त्यात हलवावा. तासाभरानंतर गेली तर काहीच करू नये. आतल्या उष्णतेवर उरलेले भाजून होते.

आता व्होल्टेज. तीस लिटरचा ओटीजी साधारण १५०० वॉटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर. सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर तो चालवायचा नाही, सोळा अँपिअरचा पॉवर प्लग हवा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत असा प्लग स्वयंपाकघरात एखादाच असतो आणि त्यावर फ्रिज बसलेला असतो. एक्स्टेंशन बोर्ड लावून काम भागवले तर वायर हाताला गरम लागते, आणि ती गरम लागली की तिथेच थांबायचे. इलेक्ट्रिशियनला बोलावून ओव्हनसाठी वेगळी लाइन घ्यावी. एकाच लाइनवर गीझर आणि ओव्हन आले तर थंडीत सकाळी एमसीबी पडणारच.

दुसरी गोष्ट अशी, की व्होल्टेज उतरले की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. संध्याकाळी घरोघरी हीटर लागले आणि २३० चे २०० व्होल्ट झाले, तर १५०० वॉटचा ओव्हन जेमतेम ११३० वॉटचा उरतो. दुपारी दहा मिनिटांत तापणारा ओव्हन रात्री पंधरा-अठरा घेतो. 'तोच केक, तीच वेळ, तरी आज कच्चा का' याचे उत्तर पुष्कळदा इथे असते. मोठे भाजणे दुपारी उरकावे, किंवा तापलेल्याचा दिवा विझेपर्यंत डबा आत ठेवू नये. दीड तासाच्या प्लम केकला, थर्मोस्टॅट मधूनमधून रॉड बंद करत असल्याने, एक ते सव्वा युनिट वीज जाते. गृहिणीच्या हिशेबात तो आकडा जड नाही.

चावीवरचे अंश हा अंदाज असतो. पंधरा-वीस अंशांचा फरक अगदी नेहमीचा आहे. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्यावा. नसेल तर साखर आहे. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घालून ओव्हन १७५ वर तापवावा आणि वाटी पंधरा मिनिटे आत ठेवावी. साखर वितळली तर ओव्हन दाखवतो त्यापेक्षा जास्त तापतो. मग १९० वर तेच करावे, तेव्हा ती वितळायला हवी. नाही वितळली तर ओव्हन कमी तापतो. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते म्हणून ही परीक्षा चालते. निकाल पट्टीवर लिहून ओव्हनला चिकटवून टाकावा, कारण डिसेंबरात शिकलेले पुढच्या डिसेंबरपर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही.

रॉडची निवड, पंखा आणि फिरणारी सळई यांपैकी रॉडची निवड तेवढी अत्यावश्यक. केकला दोन्ही रॉड, जाळी सर्वांत खालच्या खाचेत. नानकटाईला दोन्ही रॉड, जाळी मधल्या खाचेत. पंखा बिस्किटांना चांगला, पण दीड तासाच्या केकला तो कोरडा करतो. बंद करता येत नसेल तर तापमान पंधरा-वीस अंश कमी ठेवावे. सळई शाकाहारी घरात बहुधा माळ्यावर जाते, तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

पहिल्या दिवशी ओव्हन रिकामाच २०० अंशांवर वीस मिनिटे चालवायचा, खिडक्या उघड्या ठेवून. रॉडवरचा लेप जळून धूर आणि वास येतो, तो बिघाड नव्हे. नंतर मात्र तसा वास आला तर सांडलेले लोणी शोधावे. बाहेरचा पत्रा आणि काच भाजण्याइतकी तापते. भिंतीपासून दहा सेंटीमीटर दूर, आणि पोराचा हात पोहोचणार नाही इतका उंच. मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनवर केक होतो, पण तो तास-दीड तास अडकून पडतो आणि तेवढ्यात कोणाला तरी दूध गरम हवेच असते. घरात मायक्रोवेव्ह असूनही ओटीजी घ्यायचे खरे कारण तेच.

ग्वाल्हेरच्या थंडीचा हिशेब इथून सुरू होतो. मुंबई-पुण्याच्या रेसिपीत 'लोणी बाहेर काढून ठेवा, मऊ होईल' असे लिहिलेले असते. इथे डिसेंबरच्या उत्तरार्धात पहाटेचा पारा आठ-दहाच्या खाली जातो, उत्तरेकडच्या स्वयंपाकघरातले लोणी दुपारपर्यंत दगडच असते. ते गॅसवर धरले तर वितळते, आणि वितळलेल्या लोण्यात हवा कोंडली जात नाही, केक दडस होतो. लोण्याचे बोटभर तुकडे करून भांड्यात घालावे आणि ते भांडे कोमट पाण्याच्या परातीत पाच मिनिटे ठेवावे. बोट दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, तकाकी आली तर उशीर झाला. अंडी फ्रिजमधून काढून सालासकट कोमट पाण्यात दहा मिनिटे. थंड अंडे लोण्यात घातले की मिश्रण फुटते, फाटलेल्या दुधासारखे दिसते. फुटलेच तर चमचाभर मैदा घालून फेटायचे, बहुतेक वेळा सावरते.

सात इंची डब्याच्या प्लम केकचे प्रमाण असे धरावे: मैदा १५० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी १२५, साखर १२५, अंडी तीन, सुकामेवा ३००, काजू-बदामाचे तुकडे ५०, बेकिंग पावडर अर्धा चमचा, दालचिनी-लवंग-जायफळ-सुंठ मिळून एक चमचा. मीठ घातलेलेच लोणी असेल तर वेगळे मीठ टाकू नये. सुकामेव्यात काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, जर्दाळू आणि टूटीफ्रूटी. टूटीफ्रूटी एक मूठ पुरे, तिची साखर केक जास्त गोड करते.

मेवा भिजवण्यावरून उगाच बाऊ केला जातो. रममध्ये तो आठवडेच्या आठवडे टिकतो. संत्र्याच्या रसात मात्र फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांवर ठेवू नये, आंबतो. ज्यांना आदल्या रात्रीपर्यंत आठवतच नाही त्यांनी मेवा १०० मिली रसात पाच मिनिटे मंद उकळावा आणि झाकून पूर्ण गार करावा. तासाभरात काम होते आणि फरक फक्त फार जाणकाराला कळतो. भिजलेला मेवा चाळणीत निथळायलाच हवा. ओला तसाच घातला तर बुडाशी बसतो आणि तिथला थर गिच्च होतो. चमचाभर मैद्यात घोळवणे चांगले, पण मेवा न बसण्याचे खरे कारण मिश्रण दाट असणे हे आहे. चमचा उलटा केल्यावर ते धबकन पडावे, धारेने वाहू नये.

रंगासाठी कॅरमल: साठ ग्रॅम साखर चमचाभर पाण्यासह जाड भांड्यात गडद तांबूस होऊ द्यावी, मग गॅस बंद करून साठ मिली उकळते पाणी बाजूने सोडावे. गार पाणी घातले तर ते जोरात उडते आणि साखरेचा खडा होतो. हे काम मूल ओट्याजवळ असताना करू नये, उडालेला थेंब कातडीला चिकटून राहतो. गार झालेल्या कॅरमलचे तीन मोठे चमचे केकला पुरतात, उरलेले फ्रिजमध्ये राहते.

डब्याला आतून बटर पेपर दुहेरी, १५० अंश, पंचाहत्तर ते नव्वद मिनिटे. चाळीस मिनिटांनी माथा गडद दिसू लागला तर वर फॉइलचा तुकडा सैल ठेवावा. मात्र पहिली चाळीस मिनिटे दार उघडायचे नाही, आतला सांगाडा तोवर बसलेला नसतो. काडी कोरडी निघाली की झाला, दोन-चार ओलसर कण चिकटले तर उत्तमच. डब्यातच पूर्ण गार करावा आणि दुसऱ्या दिवशी कापावा. ताज्या प्लम केकचा चुरा होतो.

या केकचा मोठेपणा असा की तो वाट पाहतो. मेवा दोन दिवस थांबतो, कॅरमल आठवडाभर थांबते, तयार मिश्रणही दहा-पंधरा मिनिटे थांबले तर फारसे बिघडत नाही. बिनअंड्याचा केक तसा नाही. २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १२५ ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम लोणी, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, १०० मिलीच्या आसपास संत्र्याचा रस आणि १५० ग्रॅम मेवा, १७० अंशांवर चाळीस मिनिटे. यात सोडा आणि आंबट रस भेटले की वायू लगेच सुटू लागतो. त्या क्षणी दाराची घंटा वाजली तर उघडायला दुसऱ्याने जावे. ओव्हन तापलेला, डबा कागद लावून तयार, आणि रस सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडला की केक बसलाच म्हणून समजा.

नानकटाई मात्र थंडीचीच. शंभर ग्रॅम मैदा, पंचवीस ग्रॅम बेसन, पंधरा ग्रॅम बारीक रवा, साठ ग्रॅम पिठीसाखर आणि पाऊणशे ग्रॅम तूप. तूप इथे थिजलेलेच असते ते बरे, पातळ तुपाची नानकटाई ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटते. १६० वर अठरा-वीस मिनिटे, बाहेर काढताना मऊ लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. मऊ आहे म्हणून पुन्हा आत ढकलली की कडक. गोळे वळून झाकून फ्रिजमध्ये ठेवले तर उद्याही भाजता येतात.

आता सुया आणि लोकर. केक आत गेल्यावर जो तास-सव्वा तास मिळतो त्यात विणणे होते का? होते. सरावाच्या हाताने शंभर टाक्यांची फेरी तीन-चार मिनिटांत उतरते, म्हणजे एका प्लम केकमागे वीसेक फेऱ्या, टोपीचे सहा-सात सेंटीमीटर. पण दर दहा मिनिटांनी उठावे लागणार असेल तर सरळ लांब सुयांचा उपयोग नाही. टोकाचे टाके सुटतात, सुई सोफ्याच्या फटीत जाते आणि टोक वर करून बसते. गोल सुईवर, म्हणजे दोन आखूड सुया मध्ये तारेने जोडलेल्या, टाके तारेवर सरकवून तसेच पिशवीत टाकता येतात. मुलाने ओढले तरी दोन-चारच सुटतील.

लहान मुलाच्या टोपीला ४० सेंटीमीटरची गोल सुई लागते, ८० ची घेतली तर टाके ताणले जातात. दुकानात बहुतेक वेळा ८० चीच पुढे केली जाते. 'भाभीजी, सब एक ही है' असे ऐकायला मिळाले तर मान डोलवून ४० चीच मागावी. खरे तर ८० च्या सुईवर तारेचा फासा बाहेर काढून टोपी करता येते, पण ती पद्धत नवख्या हाताला आणि घाईला सोसत नाही. खरेदी करताना सुई आणि तार जिथे जुळते तो सांधा नखाने तपासावा. नख अडकले तर लोकरही अडकणार, प्रत्येक टाक्याला. तार गुंडाळी होऊन वाकडी राहत असेल तर मिनिटभर कढत पाण्यात बुडवून सरळ ताणावी, ऐकते.

सुई कशाची, हा प्रश्न ग्वाल्हेरात हवामानाचा आहे. अॅल्युमिनिअमच्या पोनी कंपनीच्या राखाडी सुया सगळीकडे मिळतात, गुळगुळीत आणि स्वस्त, पण थंडीत सकाळी बोटांना बोचतात. लाकडी किंवा बांबूची सुई हाताला कोमट लागते आणि टाका जरा धरून ठेवते. ज्यांचा हात सैल त्यांना लाकूड, ज्यांचा घट्ट त्यांना धातू.

नंबरांची गंमत नीट लक्षात ठेवायला हवी. आपल्याकडच्या दुकानांत जुने इंग्रजी नंबर चालतात, त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, ११ म्हणजे ३. अमेरिकी व्हिडिओतला ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, आणि तिथे आकड्याबरोबर जाडी वाढते. व्हिडिओ पाहून '८ नंबर' मागितला की टोपी भावलीची होते. मिलिमीटरमध्येच मागावे.

लोकर म्हणून जी मिळते ती बहुतांशी अॅक्रिलिक असते. मुलांच्या टोपीला ती वाईट नाही: मशिनमध्ये धुता येते, टोचत नाही, वर्धमान किंवा ओसवाल अशा लुधियानाच्या गिरण्यांचे रंग ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या बाजारात सहज मिळतात. खऱ्या लोकरीची ऊब तिला नाही, आणि कोपरा-कॉलरसारख्या घासल्या जाणाऱ्या जागी बारीक गोळे येतात. 'चार प्लाय' या शब्दावर जाडी ठरवू नये. प्लाय म्हणजे किती पदर पिळले ते, पदरच बारीक असेल तर चार पदरीही बारीकच. लेबलवर सुयांचे चित्र आणि शेजारी मिलिमीटर असतात, ते पाहावे. लेबलवर लॉट नंबरही असतो. एकाच लाल रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, शाळेच्या मैदानावर उन्हात पट्टा उठून दिसतो. गुंडा दोन बोटांत दाबून पाहावा, आणि टोक थोडे उलगडून पिळावे. पदर लगेच सुटे होत असतील तर सुईचे टोक धाग्यात घुसत राहील, आणि बोलता-बोलता विणणाऱ्यांना ती लोकर रडवते.

५० ते ५२ सेंटीमीटर डोक्याला, ४ मिलिमीटरच्या सुईवर दहा सेंटीमीटरला बावीस टाके पडत असतील, तर शंभर टाके घालावे. टोपी साडेपंचेचाळीस सेंटीमीटरची होते आणि ताणून नीट बसते. लाल पन्नास ग्रॅम, पांढरी पंचवीस, गोंड्यासकट. फेरी जोडताना टाक्यांची कडा सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना हे पाहावे. एक पीळ राहिला तर पाच-सहा फेऱ्यांनी कळते आणि उसवण्याखेरीज इलाज नसतो. पांढरी पट्टी दोन सुलट दोन उलट, सहा सेंटीमीटर. मग लाल सगळे सुलट, दहा सेंटीमीटर. मग घट, म्हणजे टाके कमी करणे: आठ सुलट, दोनांचा एक, असे फेरीत दहा वेळा. मध्ये साध्या फेऱ्या, पुढच्या घटीला सात सुलट आणि दोनांचा एक, असे दहा टाके उरेपर्यंत. घट दर दुसऱ्या फेरीला केली तर नेहमीची गोल टोपी होते, दर सहाव्या फेरीला केली तर सांताक्लॉजसारखे अठरा सेंटीमीटरचे टोक लोंबते. साठच्या आसपास टाके उरले की ४० ची सुईही मोठी पडते, तिथे दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुयांचा संच लागतो. तो त्याच वेळी घेऊन ठेवावा. रात्री दहाला त्यासाठी कोणी दुकान उघडत नाही.

पांढऱ्या पट्टीला फरची लोकर घ्यायचा मोह आवरावा. तिच्यात टाका दिसत नाही, चुकले तर उसवत नाही, आणि तिचे केस ओट्यावर येतात. लाल लोकर विणण्याआधी ओली करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहावी. रंग उतरला तर पांढऱ्या पट्टीशी तिची सोयरीक करू नये. मफलर करायचा असेल तर सगळ्या ओळी सुलट किंवा एक टाका सुलट एक टाका उलट, पंधरा सेंटीमीटर रुंद, एकशेदहा लांब, सव्वाशे ग्रॅमच्या आत. एक ओळ सुलट एक ओळ उलट अशी गुळगुळीत वीण मफलरला घातली की कडा आत वळतात आणि त्याची नळी होते. इस्त्रीने ती सरळ करायला जाल तर अॅक्रिलिक वितळून चपटे, निर्जीव होते, आणि ते परत येत नाही.

त्याच कारणाने उरलेल्या लोकरीचे ओव्हनचे हातमोजे किंवा गरम भांड्याखालचे रुमाल विणू नयेत. दिवाळीच्या अंकातल्या 'टाकाऊतून टिकाऊ'च्या थाटात ही कल्पना दर वर्षी फिरते, पण ताप मिळाला की अॅक्रिलिक मऊ पडते आणि वितळून हाताला चिकटते. दोनशे अंशांचा ट्रे धरायला जाड सुती कापडाचे किंवा सुती दोऱ्याचे दुहेरी विणलेलेच हवे, आणि तेही कोरडे. ओले सुती कापड उष्णता झटकन हातापर्यंत पोहोचवते. विणकामाची पिशवी ओव्हनच्या शेजारी ठेवू नये हे त्यातच आले. तुपाचा हात लोकरीला लावू नये, डाग धुऊन जातो पण त्याआधी त्यावर मैदा बसतो.

खरेदी कधी? जत्रेत घेऊ म्हणून थांबणाऱ्यांसाठी सांगायला हवे की ग्वाल्हेरचा व्यापार मेळा, १९०५ साली माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झालेला, साधारण डिसेंबर संपता संपता भरतो. तिथे घेतलेला ओव्हन नाताळला उपयोगी पडत नाही, संक्रांतीच्या गुळपोळीबरोबर पडेल तर पडेल. पंचवीस ते तीस लिटरचा ओटीजी अंदाजे सहा ते नऊ हजारांच्या घरात येतो. पैसे देण्यापूर्वी दार तीन-चार वेळा उघडून पाहावे, ते अर्ध्यावर सोडले तर तिथेच थांबायला हवे, धाडकन पडायला नको. रॉड, थर्मोस्टॅट आणि टायमर हे तीन भाग बिघडतात, तेव्हा ते शहरात बदलून मिळतात की यंत्र बाहेर पाठवावे लागते हे विचारावे, आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्यावा. लोकर घेताना एक गुंडा जास्त घ्यावा आणि न उघडलेला गुंडा लेबलसकट परत घेतील का, ते बिल होण्याआधीच विचारावे.